पूरक जोडी

"तुम्ही दोघं पूरक नाहीच मुळी," काउनास शहराहून आलेल्या स्वभावपारखी झिताबाईंनी निकाल देऊन टाकला. "तुमचा तर छत्तीसचा आकडा!"

लिथुआनियातल्या विल्नियसच्या स्वभावमंडळाची शनिवारची बैठक होती. दोघांनी समोरासमोर बसून गप्पा मारायच्या, बाकीच्यांनी त्यांचे डोळे, हात, हसणं न्याहाळायचं आणि मंडळाच्या शास्त्रातल्या सोळा स्वभावांपैकी कोणाचा कोणता ते ठरवायचं, ही तिथली रीत. विर्गिलिया आणि तिचा नवरा एलिगियुस मात्र पारखून घ्यायला बसले नव्हते. ते नमुना म्हणून बसले होते. त्यांच्या लग्नापासून अध्यक्ष नव्या मंडळींना त्यांनाच तर दाखवत आले होते: बघा, पूरक जोडी म्हणतात ती ही. एकाला काय हवं ते दुसऱ्याला न विचारता कळतं.

"काहीतरीच काय, झिताबाई!" अध्यक्ष म्हणाले. पण मग मंडळातल्या जुन्या खोडांनी डोळे बारीक करून एलिगियुसकडे नव्यानं पाहिलं आणि एकेक मान डोलू लागली.

"तरीच!" मागून कोणीतरी म्हणालं. "मला तर पहिल्यापासूनच शंका होती." अशी माणसं सगळ्याच मंडळांत असतात.

आधी ठरवलेला स्वभाव चुकीचा होता असं कळल्यावर मंडळातली दोन लग्नं मोडली होती. दोन्ही वेळा त्या बायकांची समजूत विर्गिलियानंच घातली होती. शास्त्रापुढं आपलं काय चालणार, म्हणाली होती. आणि एलिगियुस तर शास्त्र तिच्याहून जास्त मानणारा. आता तो आपल्याला सोडणार, याची तिला धास्ती बसली.

ट्रॉलीबसमध्ये तो तिच्या शेजारी बसला, पण खिडकीबाहेरच बघत राहिला. घरी आल्यावर टोपीसुद्धा न काढता स्वयंपाकघरात उभा राहिला. तिनं सवयीनं पाव कापायला घेतला आणि दोन कापांनंतर सुरी खाली ठेवली.

"जे काय असेल ते बोलून टाक एकदाचं," ती म्हणाली.

"एक विचारू?"

"विचार."

"तुला हा शहाजिऱ्याचा पाव आवडतो का गं?"

विर्गिलियानं पावाकडे पाहिलं. लग्न झाल्यापासून दर शनिवारी तो हाच पाव आणत आला होता, कोपऱ्यावरच्या बेकरीतून, रांगेत उभं राहून.

"नाही," ती म्हणाली. "शहाजिरं दातांत अडकतं. कधीच नाही आवडला."

"अगं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"पूरक माणसाला सांगावं लागत नाही, म्हणून."

एलिगियुसनं टोपी काढून टेबलावर ठेवली.

"आणखी काय काय आवडत नाही?"

विर्गिलियानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "वेळ लागेल."