विसाव्याचा दगड

"टाळू भाजली रं माझी," कमळ्या पदूच्या कानाशी पुटपुटला. "विसावा म्हंजे दोन मिनिटांचा. हितं तास होत आला. मेल्यावरपण वेटिंग."

दोघं खांदा द्यायला आलेले. तिरडी विसाव्याच्या दगडापाशी टेकवलेली होती. वाल्मिक उकिडवा बसून उपरण्यानं धाकट्या बहिणीच्या, कुंदाच्या, तोंडावरच्या माश्या वारत होता. एप्रिलचं ऊन. बर्फाच्या पिशवीचं केव्हाच पाणी झालं होतं. एकदा उचलल्यावर कुंदाला माघारी घरी नेता येत नव्हतं. आणि पुढे नेता येत नव्हतं, कारण पुढे, वळणापलीकडच्या स्मशानशेडमध्ये, वाल्मिकची मुलगी विनिता सकाळपासून लॅपटॉप उघडून बसली होती.

नेटची रेंज गावात कुठंच धड येत नाही, त्या पत्र्याखाली मात्र येते. एमबीएच्या कॉलेजची मुलाखत साडेदहाला होती. आत्या खोपोलीच्या दवाखान्यात आहे, एवढंच विनिताला माहीत. आत्या पहाटेच वारली, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. माधवीनं, तिच्या आईनं, सगळ्यांना बजावलं होतं, "अकरापर्यंत पोरीचं उरकंल, मंग सांगू." बायांनी तोंडात पदर कोंबून रडून घेतलं. अकराला उचललं. पण कॉलेजवाल्यांनी पोरीला अजून आतच घेतलं नव्हतं. स्क्रीनवर नुसतं गोल चक्र फिरत होतं.

वळणावरून माधवी लगबगीनं आली.

"घेतलं. आत्ता घेतलं तिला आत. कुणी आवाज करू नका."

"वैनी, बायकांनी हितवर येऊ नाय," कमळ्या म्हणाला.

"आज काय काय करू नाय त्याची यादी दे मला, कमळ्या. रातच्याला वाचते."

वाल्मिकनं मान वर केली नाही. "किती येळ लागंल?"

"पंधरा मिन्टं म्हणतात."

"तिला विचार की," तो बहिणीकडे बघत म्हणाला. "चालंल का म्हणावं."

माधवी परत फिरली आणि शेडच्या खांबाआड उभी राहिली. थोड्या वेळानं वाल्मिकही उपरणं कमळ्याच्या हातात देऊन तिच्या मागं येऊन थांबला.

विनितानं मागं दोरीवर पांढरी चादर टांगली होती. मागची भिंत साधी दिसली पाहिजे, मोबाइल चालणार नाही, असं कॉलेजनं कळवलं होतं. लॅपटॉप साजगावच्या कारखान्यातला. ऑफिसनं मोडीत काढला तेव्हा तिथं पॅकिंगला असलेल्या कुंदानं तो मागून आणला होता. बिजागरी निखळलेली, म्हणून पडद्याला मागून दगड लावलेला. कॉलेजही कुंदानंच निवडलं. तीन कॉलेजांची माहितीपत्रकं जमिनीवर मांडून तिनं विचारलं होतं, "यातलं नवा लॅपटॉप देतं ते कंचं?" आणि त्याच्यावर बोट ठेवलं होतं.

पोरगी बरी बोलत होती. भातगिरणी, बचत गट, नेरळच्या बाजारातली भाजी, सगळं आलं. इंग्रजीत अडखळली की हिंदीत जात होती, हिंदीत अडखळली की पुन्हा इंग्रजीत. माधवीला त्यातलं निम्मं कळत होतं, पण मुलीची पाठ ताठ आहे एवढं तिला दिसत होतं आणि तेवढं पुरे होतं.

मग स्क्रीनवरच्या तिघांतल्या बाई म्हणाल्या, "आता शेवटचा प्रश्न. मराठीतच सांग, चालेल. अलीकडे दडपणाखाली घेतलेला एखादा निर्णय?"

विनिता गप्प झाली.

इतका वेळ गप्प, की माधवीला वाटलं रेंज गेली. तिनं खांब घट्ट धरला. वळणापलीकडे कुणीतरी खोकलं आणि कुणीतरी त्याला दाबलं.

विनितानं हात मागं नेला आणि दोरीवरची चादर बाजूला सारली. चादरीमागं चितेचा लोखंडी सांगाडा होता आणि त्याला टेकून रचलेली लाकडं. सकाळी नऊला पदूनंच टेंपोतून आणून टाकली होती. "ग्रामपंचायतीची हायेत, पावसाळ्यासाठी," असं तिला सांगून, तिच्याकडे न बघता तो निघून गेला होता.

"मॅडम, हे आंब्याचं लाकूड दिसतंय ना," विनिता म्हणाली, "हे आमच्या परड्यातलं आहे. आत्यानं तोडून रचून ठेवलेलं. ती चुलीलासुद्धा कुणाला ढलपी देत नाही. ती जिवंत असती तर हे इथं आलं नसतं."

माधवीच्या तोंडून काहीतरी निघालं. वाल्मिकनं तिचा दंड धरला.

"माझी आत्या मेली," विनिता म्हणाली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "घरचे मला सांगत नाहीत. तिला उन्हात रस्त्यात ठेवून माझं संपायची वाट बघतायत. मला नऊ वाजल्यापासून माहीत आहे."

स्क्रीनवरची तिन्ही माणसं हलेनात. मग बाईंनी चष्मा काढला. पुसला. परत लावला.

"आणि निर्णय?" त्यांनी विचारलं.

विनितानं स्क्रीनच्या कोपऱ्यात पाहिलं.

"रडायचं नाही," ती म्हणाली. "बॅटरी सातच टक्के उरलीय."