सोबत आलेल्यांसाठी भोपाळदर्शन

मधुकरने यादी तिसऱ्यांदा वाचायला घेतली तेव्हा जयवंताने चहाचा कप कट्ट्यावर आपटला.

"पहिले बडा तालाब," तिचा नवरा वाचतच राहिला. "तठी नाव भेटते, बसजो. मंग वनविहार. वाघ पाह्यजो. मंग बिर्ला मंदिर. दुपारी भोजपूरची पिंड, अन् ते झालं का सांची."

"सांची एकीकडं, भोजपूर दुसरीकडं. एका दिवसात कशे होईन दोनी?"

"केतननं केले नं."

केतन हा मधुकरचा पुतण्या. भरतीच्या परीक्षेसाठी तो एकदा भोपाळला येऊन गेला होता. तेवढ्या जोरावर त्याने काकूसाठी ही यादी करून दिली होती, वेळांसकट.

भोपाळच्या सरकारी प्रशिक्षण केंद्राच्या आवारात सकाळचे नऊ वाजत होते. जयवंता नागपूरच्या सीमेला लागून असलेल्या सौंसरजवळच्या एका गावची सरपंच. राज्यभरातल्या महिला सरपंचांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं. तिने भोपाळ पाहिलेलं नव्हतं. त्या भागातल्या माणसांचं सगळं नागपूरला. दवाखाना नागपूरला, लग्नाचा बस्ता नागपूरला. भोपाळ फक्त सरकारी कागदाच्या माथ्यावर. म्हणूनच मधुकरला उदारपणा सुचला होता. हॉलमध्ये तो बसणार, तिने मजेत भोपाळ पाहायचं.

गेली तीन वर्षं हेच चाललं होतं. गाव त्याला सरपंचसाहेब म्हणायचं आणि तिला वहिनी. ग्रामसभेत तो बोलायचा, ती शेजारी बसून चहा सगळ्यांना पोचला का ते पाहायची. जयवंताला या सगळ्याचा वीट आला होता.

"मले काई पाह्यचं नाई. मले हालमधी बसाचं आहे," ती म्हणाली.

"अवं, दिवसभर भाषणं राह्यते. डोकं दुखंन तुयं. फिर नं मस्त."

"मले विचारायचं आहे. वरच्या टोल्यातल्या घराईले नळ लागून दोन वर्षं झाले. टाकी उभी आहे, पाणी चढत नाई. बाया अजून हिरीवर जाऊन राहिल्या. मोठे साहेब येणार आहे म्हणते आज. कागदावर लिहून आणलं म्या."

मधुकरने आजूबाजूला पाहिलं. "तो विषय इथं काढाचा नाई. ठेकेदार आपला माणूस आहे." मग आवाज गोड केला. "चौकातून बटवा घेजो एखादा. भोपाळचे बटवे फेमस आहे."

जयवंताने कपाळाला हात लावला. बटवा! बटव्यात ठेवायचं काय?

आवारात असे बरेच मधुकर उभे होते. कोणी मंडल्याचा, कोणी झाबुआचा. कडक इस्त्रीचे पांढरे कुर्ते, खिशाला पेन, बगलेत फाइल. प्रत्येकाच्या मागे हातात पिशवी धरलेली एक सरपंच. प्रत्येक मधुकर आपापल्या सरपंचाला काहीतरी समजावून सांगत होता.

तेवढ्यात फाटकातून बस आली.

"पाह्य, बस बी आली. चाल, खिडकीची सीट धर." मधुकरने तिला दंडाला धरून बसच्या दारापर्यंत नेलं. दारात एक तरुण मॅडम यादी घेऊन उभ्या होत्या.

"नाम?"

"जयवंताबाई धोटे."

"आप सरपंच हैं? आप अंदर हॉल में जाइए. ये बस साथ आए लोगों के लिए है."

मधुकर हसला. लहान पोरीची चूक दुरुस्त करावी तसं म्हणाला, "मॅडम, पंचायत मैं ही चलाता हूँ."

मॅडमनी यादीवर खूण केली. "बैठिए. बस छूट रही है."

पत्र मधुकरनेच वाचलं होतं. सोबत आलेल्यांसाठी भोपाळदर्शनाची सोय आहे, हे वाक्यही त्याने वाचलं होतं. सोबत आलेले आपण आहोत, हे मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. आवारातल्या कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. पाच मिनिटं नुसता गलका झाला. कोणी आमदारांचं नाव घेतलं, कोणी फोन लावले. शेवटी हॉलच्या दाराशी शिपाई उभा राहिला आणि एकेक पांढरा कुर्ता बसमध्ये चढला. केतनची यादी मधुकरच्याच हातात होती.

हॉलमध्ये दुसऱ्या रांगेत जयवंताच्या नावाची पाटी होती. ती पाटीसमोर बसली. खुर्ची गुबगुबीत होती, ती जरा पुढे सरकून ताठ बसली. पिशवीतून कागद काढला. तो उलगडून पाटीशेजारी ठेवला.

पिशवीतला मोबाइल वाजला. आधी एक मेसेज आला आणि लगेच मधुकरचा फोन.

"ऐक वं. पंचायतीच्या सचिवाचा फोन होता. टाकीचं काम पूर्ण झालं म्हणून आनलाइन चढवून राहिला तो. तुया मोबाइलवर ओटीपी आला असंन. सांग लौकर. त्याच्याबिगर ठेकेदाराचं बिल निघत नाई."

त्याच्या मागे बसमध्ये गाइड माइकवरून सांगत होता, बाएँ हाथ पर बड़ा तालाब.

जयवंताने मेसेज उघडला. सहा आकडे होते. इतकी वर्षं आकडे आले की ती न विचारता सांगायची, तो सचिवाला कळवायचा. तिने कागदाकडे पाहिलं. व्यासपीठावर मोठे साहेब येऊन बसत होते.

"सांग नं वं! ठेकेदार बसला आहे तठी. काय सांगू सचिवाले?"

"त्याले सांगा," जयवंता म्हणाली, "सरपंच मिटिंगमधी आहे."