फोटोमागच्या तारखा

पत्र तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर फोटोग्राफरने ते काउंटरच्या काचेखाली सरकवलं आणि बायकोला म्हणाला, “रूप सुधारण्यासाठी म्हणे! पोरगी दोन वर्षं जेवण मिक्सरमधून काढून खातेय आणि ह्यांना वाटतंय तिला नटायचंय.”

विमा कंपनीने शस्त्रक्रियेचा खर्च नाकारला होता, आणि विम्याशिवाय ती होणार नाही हे घरातल्या तिघांनाही ठाऊक होतं.

मुलगी अठरा वर्षांची. खालचा जबडा वाढता वाढता डावीकडे सरकत गेला होता. वरचे दात खालच्या दातांना भेटतच नव्हते. घास चावता येत नव्हता, दुपार झाली की कानापर्यंत ठणका लागायचा. बोलताना ती तोंडावर हात धरायची, आणि ती सवय इतकी जुनी होती की घरात कोणाला आता खटकतही नसे. हाड कापून जागेवर बसवावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते. उशीर केला तर पुढे तोंड उघडणंही कठीण होईल, असंही म्हणाले होते.

अपिलाची संधी एकदाच होती. दोष लहानपणापासून वाढत आलाय हे दाखवता आलं, तर कंपनी खर्च देणार होती. डॉक्टरांकडचे एक्स-रे मात्र गेल्या वर्षीचेच. त्याआधी मुलीला कोणाकडे नेलंच नव्हतं. वाढत्या वयात होईल आपोआप सरळ, असं फोटोग्राफरच म्हणायचा. त्या घरात जबड्याबद्दल उघडपणे बोलायला लागूनच जेमतेम दोन वर्षं झाली होती.

“पुरावा मागतात,” तो समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला सांगत होता. “फोटोग्राफरच्या घरी पुराव्याला काय तोटा?”

गिऱ्हाईक निवृत्त शिक्षक होते. कपाळावर जुना व्रण, एक खांदा उतरलेला. फोटोग्राफर कंपनीला शिव्या घालता घालता कॉम्प्युटरवर काम करत होता. बोलणं संपेपर्यंत व्रण गेला होता आणि खांदा वर आला होता. मूळ फोटो त्याने पुसून टाकला. माणसाला त्याचा व्रण पुन्हा दाखवायचा नाही, हा त्याचा तीस वर्षांचा नियम. ह्या कामात त्याचा हात धरणारा आसपास कोणी नव्हता. शिक्षक फोटो बघून खुलले आणि अपील नक्की मंजूर होईल असं सांगून गेले.

मुलीच्या प्रत्येक वाढदिवसाला तो तिला स्टुडिओत बसवायचा. सातव्यापासून अठराव्यापर्यंत, तेच स्टूल, तोच दिवा, तोच मागचा पडदा. बारा फोटो बाहेरच्या खोलीत ओळीने लावले होते. आलेला पाहुणा त्यांच्यासमोर थांबल्याशिवाय पुढे जायचा नाही. फोटोग्राफरला त्या भिंतीचा फार अभिमान होता, आणि तो लपवण्याच्या भानगडीत तो कधी पडला नाही.

“बाबा, फोटो नको ना पाठवायला,” मुलगी म्हणाली.

“त्यात लाजायचं काय? कंपनीतली दोन-चार माणसं बघतील, बास.”

मुलीने आईकडे पाहिलं. आई पुसलेलंच टेबल पुन्हा पुसायला लागली. मग म्हणाली, “डॉक्टरांकडून आणखी एखादं पत्र मागून बघू या का?”

फोटोग्राफरला ते लागलं. आयुष्यभर जे काम केलं ते पहिल्यांदा आपल्या लेकीच्या उपयोगी पडत होतं, आणि घरातल्याच माणसांना त्याचा भरवसा नव्हता. तो स्टूल घेऊन भिंतीपाशी गेला. एकेक फ्रेम उतरवली, पालथी घालून खिळे काढले. कंपनीला तारखा हव्या होत्या. प्रत्येक फोटोच्या मागे त्याच्या हातची तारीख होती, एकही चुकली नव्हती. त्याने बाराही तारखा तपासल्या आणि फोटो तसेच पाकिटात घातले. समोरची बाजू त्याला पाठ होती.

दीड महिन्याने सुनावणीला बोलावणं आलं.

अपिलाचं काम बघणारी बाई वयस्क होती आणि फोटोग्राफरने मनात रंगवली होती तितकी दुष्ट अजिबात नव्हती. मुलीसमोर पाण्याचा ग्लास आला तेव्हा ती ओठ टेकवून थांबली. ते पाहून बाईंनी शिपायाला स्ट्रॉ आणायला सांगितलं. फोटोग्राफरच्या जिवात जीव आला. ह्या बाईंना दिसतंय, असं त्याला वाटलं.

बाईंनी पाकीट उघडलं आणि टेबलावर बारा फोटो ओळीने मांडले.

“डॉक्टर लिहितात, जबडा लहानपणापासून सरकत गेलाय. मी काल तासभर हे फोटो बघितले,” त्या म्हणाल्या. “कोणत्या वर्षी सरकायला लागला, तेवढं तुम्हीच मला दाखवा.”

फोटोग्राफर हसला. चष्मा लावून त्याने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. मग दुसऱ्यावर. तिसऱ्यावर, चौथ्यावर. नंतर बोट सावकाश सरकायला लागलं, आणि बाराव्या फोटोवर जाऊन तिथेच राहिलं.

“बाराही फोटोंत हनुवटी अगदी मधोमध आहे,” बाई शक्य तितक्या हळू म्हणाल्या. “ह्यांचे मूळ फोटो असतील तर आणून द्या. मी थांबते.”

फोटोग्राफर बोटाकडे बघत राहिला. मुलीने तोंडावरचा हात खाली घेतला.

“नाहीत,” ती म्हणाली. “आमच्या घरात माझा एकही फोटो नाही.”