लोकर तेवढीच

त्या पत्राला डॉक्टरांनी उत्तर दिलं नव्हतं. दोन वर्षं ते एका जाड पुस्तकात होतं. ते पुस्तक वाचून संपलं की पत्र खुणेसाठी पुढच्या पुस्तकात जायचं. पत्र एका मुलीचं होतं. तिच्या वडिलांच्या फुफ्फुसाचा तुकडा त्यांनी भिंगाखाली तपासला होता. निवृत्तीआधीच्या शेवटच्या काही रिपोर्टांतला तो एक.

‘फुफ्फुस कडक करणारे कोलॅजेनचे धागे फारसे वाढलेले नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. दादा म्हणतो, म्हणजे बाबांना मोठं काही नव्हतंच. ते नको म्हणत असताना मी दोन महिने रोज त्यांना नळीतले चेंडू श्वासानं वर ओढायला लावले, त्यानंच त्यांची छाती गेली आणि ते गेले. तो माझ्याशी बोलत नाही. मी चुकले का, एवढंच कळवा.’

उत्तर लिहायला ते कितीदा तरी बसले. दुसऱ्या ओळीत ‘बहुधा’ यायचं, तिसऱ्या ओळीत ‘तरीही’, आणि मग कागद टोपलीत जायचा. जन्मभर पेशींशी संसार केलेला माणूस. माणसांशी बोलायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची.

आज ते जुन्या प्रयोगशाळेत आले होते. त्या फुफ्फुसाचा एक तुकडा अजून गोठवून ठेवलेला होता. नव्या यंत्रावर तो तपासून द्या, अशी विनंती त्यांनी महिन्यापूर्वी चिठ्ठी लिहून केली होती. तोंडानं मागायचा धीर झाला नव्हता.

‘आधी डोळे भरून बघून घ्या, सर,’ तंत्रज्ञ बाई म्हणाल्या आणि त्यांनी जुनी काच भिंगाखाली सरकवली.

ते वाकले. आधी नुसता काळोख. मग त्यात धागे उजळत गेले, पिवळे, तांबूस, मधूनच पोपटी, पाण्याखालच्या गवतासारखे. आता हलतील, आता हलतील, म्हणून ते बराच वेळ वाट बघत राहिले. मागे कुठेतरी नळ ठिबकत होता. खोली दूर गेली, वयही दूर गेलं. गवत मात्र हललं नाही.

‘धागे नेहमीपेक्षा थोडेच जास्त,’ बाई नव्या यंत्राचा कागद वाचत होत्या. ‘तुमचं बरोबरच होतं. पण धाग्याधाग्यांना बांधणाऱ्या गाठी, त्या न सुटणाऱ्या जातीच्या, तिपटीच्या वर आहेत.’

‘गाठी मी मोजल्याच नव्हत्या.’

‘तेव्हा यंत्र कुठं होतं आपल्याकडे?’

‘तेच लिहायला हवं होतं. धागे मोजले आणि एका वाक्यात मोकळा झालो.’ त्यांनी चष्मा काढून पुसला, तो आधीच स्वच्छ होता. ‘आता तिला कसं सांगू? गाठी म्हटलं की तिला कॅन्सर वाटेल.’

बाई हसल्या. ‘मी एकदा ह्यांचा स्वेटर उकळत्या पाण्यात घातला. लोकर तेवढीच हो, एक धागा वाढला नाही. पण धागे एकमेकांत अडकून असा आटून कडक झाला, की ह्यांचं डोकं आत जाईना. ओढून ओढून दमले. आणि वर मलाच म्हणतात, तू ताणलास म्हणून बिघडला. अहो, बिघडला होता म्हणून तर ताणला जात नव्हता.’

डॉक्टरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाले, ‘हे मी लिहू का?’

‘स्वेटरचं? लिहा की. फक्त उकळला कुणी, ते नका लिहू.’

तिथंच कोपऱ्यातल्या टेबलावर ते लिहायला बसले. स्वेटर लिहिला, लोकर लिहिली. ‘तुमच्या बाबांचं फुफ्फुस कडक व्हायला वर्षं लागली. तुमच्या दोन महिन्यांनी ते झालेलं नाही. अपुरं होतं ते माझं वाक्य. हे पत्र दादांना दाखवा.’ पेन थांबलं. आणखी एक गोष्ट उरली होती आणि ती गिळून टाकणं सोपं होतं. त्यांनी ती लिहिली: ‘ते नको म्हणत, कारण त्यांना खरंच जमत नव्हतं. पण हे बाहेरून दिसणारं नव्हतं. मला तर ते आतून बघूनही दिसलं नाही.’

कोपऱ्यावरच्या टपालपेटीत त्यांनी पाकीट अर्धं सरकवलं. मग वाटलं, ‘खरंच जमत नव्हतं’ ही ओळ जरा कठोर झाली का? बोटं पाकिटाच्या कडेवर तशीच राहिली. मागे हातात पाकीट घेऊन कुणी बाई उभी होती. तिनं थोडी वाट पाहिली.

‘आजोबा,’ ती म्हणाली, ‘सोडल्याशिवाय जात नाही ते.’

त्यांनी सोडलं.