लहान मापाच्या तीनचाकी

ट्रकमधून हमाल सायकली उतरवत होते. हातांनी चालवायच्या, तीनचाकी, सगळ्या लहान मुलांच्या मापाच्या. अकरा.

"अहो, मी गियरच्या मागितल्या होत्या," दुकानदार उंबरजे म्हणाले. "हल्ली शाळेतली पोरं त्याच घेतात."

"मागून काय होतंय, मालक?" ड्रायव्हर हसला. "कुठल्या गावात पुढे काय खपणार, ते कंपनीचं यंत्र ठरवतं. आजवर तुमची एक तरी सायकल पडून राहिली का?"

राहिली नव्हती. मागच्या वर्षी यंत्राने बायकांच्या सायकली निम्म्याच पाठवल्या, तेव्हा उंबरजे फोनवर भांडले होते. पुढच्याच महिन्यात गावात तापाची साथ आली. त्यात कितीतरी बायका गेल्या, त्यांची बायको रोहिणीही गेली. आलेल्या सायकली बरोबर पुरल्या.

"आमच्या गावात पायांनी अधू असं एकही पोर नाही हो," ते म्हणाले.

"आज नसेल," ड्रायव्हर बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

नवा माल आला की पहिल्या सायकलीला हळदकुंकू लावून मुलीला तिच्यावर बसवायचं, ही रोहिणीने घातलेली पद्धत होती. मधुरा करंडा घेऊन धावत आली आणि कुंकू लावून बसलीसुद्धा.

"बाबा, ही अगदी माझ्या मापाची आहे!"

"उतर! आधी उतर!"

त्यांनी तिला ओढून कडेवर घेतलं. नऊ वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन ते दुकानासमोर तसेच उभे राहिले. तिला खाली कुठे ठेवावं, हे त्यांना कळत नव्हतं.