पुढल्या मंगळवारी सांगते

“उभं राहिल्यावर जास्त दुखतं, की बसल्यावर?” डॉक्टर रतन प्रधानांनी विचारलं.

तपासायच्या टेबलावर आडवी झालेली ठमी उठून बसली. मग म्हणाली, “पुढल्या मंगळवारी सांगते.”

आता बोला! पोट हिचं, आणि उत्तर पुढल्या बाजाराला.

सत्तावन्न सालची गोष्ट. चौलच्या दवाखान्यात येऊन रतनबाईंना तीन वर्षं झाली होती, पण असा पेशंट त्यांनी पाहिला नव्हता. खाडीपलीकडच्या मिठागरांच्या गावातली ही बाविशीतली पोर. मंगळवारी बाजारात अंडी विकायची आणि टोपली रिकामी झाली की दवाखान्याच्या मागच्या दारानं आत शिरायची. ओटीपोटात दुखतं, जड वाटतं, दिवस कलला की वाढतं, आडवं झालं की उतरतं. पहिल्याच दिवशी तिनं हे सगळं पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं होतं.

रतनबाईंनी तपासलं तर काहीच नाही. पोट मऊ. मांडीवर एक शीर फुगलेली नाही. रक्त, लघवी, सगळं ठणठणीत. रतनबाई चक्रावल्या.

पुढल्या मंगळवारी ठमी उत्तर घेऊन हजर. “उभ्यानं दुखतं. पन दोन घंटं उकिडवं बसलं, तर जीव जातो.”

“दोन तास उकिडवी कशाला बसतेस गं? मिठागरात तर उभ्यानं काम.”

“चुलीपाशी,” ठमी पटकन म्हणाली आणि पदराशी चाळा करू लागली.

रतनबाईंच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. रविवारी त्यांनी मुंबईहून आलेली डॉक्टरी मासिकं उपसली. एकात सापडलं. काही बायकांच्या ओटीपोटातल्या शिरा आतल्या आत फुगतात, त्यात रक्त साचतं, बाहेरून मागमूस लागत नाही. लक्षण न् लक्षण जुळत होतं. फक्त एक गोष्ट अडत होती. हे व्हायचं ते बहुतेक चार-पाच बाळंतपणं झालेल्या बाईला, आणि ठमीला तर एकच लेकरू.

“म्हंजे भुताखेताचं न्हाय ना?” मंगळवारी हे ऐकून ठमीनं विचारलं.

“छे गं! शिरांचं आहे. दुपारी तासभर पाय वर करून पडायचं. खाटेच्या पायथ्याखाली दोन विटा लाव. भरल्या हंड्याला हात लावायचा नाही. घरच्यांना सांग तसं.”

ठमीचा चेहरा उतरला. “कुनाला बोलू नका, बाई. माजी सासू येसूबाई सुईण हाय. सात गावांत तिलाच बोलावत्यात. सुईणीच्याच घरात कूस दुखते असं कळलं, तर तिचा हात कुनी लावून घ्यायचं न्हाय. त्या हातावर आमचं घर चालतं.”

रतनबाईंना संताप आला. सासूचं नाव राखायला सुनेनं मुकाट सोसायचं! पण त्यांनी शब्द दिला.

महिन्याभरानं ठमी हसतच आत आली. “निम्मं उतरलंय, बाई! रात्रीची झोप लागते.” तिला झालेला आनंद बघून रतनबाईंचाही जीव सुखावला.

“बरं, आता एवढंच सांग. डावीकडं जास्त दुखतं, की उजवीकडं?”

“पुढल्या मंगळवारी...”

“अगं बये, आत्ता हात लावून सांग की!”

ठमी टोपली उचलून पळाली ती पळालीच. एक मंगळवार गेला, दुसरा गेला, तिसराही कोरडा गेला.

रतनबाईंना राहवेना. सासूला कळलं असेल, पोरीला डांबून ठेवलं असेल, नाही नाही ते मनात येऊ लागलं. त्यानंतर चौथ्या दिवशी त्यांनी देवी टोचायची पेटी घेतली आणि होडीनं खाडी ओलांडली.

गावात शिरताच ठमी दिसली. डोक्यावर भरलेला हंडा, कमरेवर कळशी, आणि चढावरून जवळजवळ धावत निघालेली. रतनबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ठमीनं त्यांना पाहिलं आणि ती पांढरीफटक पडली.

रतनबाई तिच्या मागोमाग घरी गेल्या, तर पडवीत सासू येसूबाई खांबाला टेकून उभी होती. चाळिशीची, उंच, या पायावरचा भार त्या पायावर घेत. समोर शेजारची गोदू बसली होती.

“देवी टोचायला आले होते,” रतनबाई म्हणाल्या. पण राग आवरेना. “म्हटलं सुनेची तब्येतही बघावी.”

गोदूचे कान टवकारले. “ठमीला काय झालं गं?”

“कायबी न्हाय,” येसूबाई शांतपणे म्हणाली. “माज्या सुनेच्या पोटात कवा दुखलं न्हाय. बघ की, हंडं कशी आनते ती.”

“व्हय बाई, घोड्यावानी हाय,” गोदू हसली. “डॉक्टरीणबाई, धरायचं तर या येसूबाईला धरा. तीन आठवडं गावोगाव बाळंतपनात हाय. आज कुठं घरी घावली. माज्या लेकीचं दिवस भरत आल्यात, म्हनून सांगाया आले.”

“कळा लागल्या की हाक मार. येते मी,” येसूबाई म्हणाली. गोदू निश्चिंत होऊन गेली.

रतनबाई न विचारता आत शिरल्या. माजघरात एक खाट होती. पायथ्याखाली विटा.

“चला, विटा तरी लावू दिल्यात!” त्या कडाडल्या. “पण दुखणाईत पोरीला हंडे वाहायला लावता? बाईचं दुखणं बाईलाच कळू नये? तुम्ही तर सुईण!”

ठमी दारात हंडा घेऊन तशीच उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. येसूबाईनं तिला आत घेतलं, बाहेर डोकावून गोदू दूर गेल्याची खात्री केली आणि दार लोटलं.

“डावीकडं,” ती म्हणाली. “डावीकडं जास्त दुखतं, बाई. चवदा वर्सं झाली.”