दहा बोटांचं गाणं

“नोंदवहीत खोटं नाव लिहायचं न्हाई, शिवकांता. पुस्तक गेलं तरी चालंल. न आलेला वाचक आला म्हणून लिहू नको.”

चन्नबसप्पा अण्णांचं हे बोलणं शिवकांताला सकाळपासून चारदा आठवलं. अण्णा म्हणजे भोकरच्या या वाचनालयाचे तिच्याआधीचे ग्रंथपाल. आता ते नव्हते. पण लेकीकडं अमेरिकेत राहून येताना त्यांनी आणलेले कागद टेबलावर होते. तिथल्या एका ग्रंथालयानं जादा प्रती म्हणून काढलेली, दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वीची गाण्यांची सुटी छापील पानं. एकेचाळीस.

आज त्या पानांचा शेवटचा दिवस होता. पाच वर्षांत कुणीच नेलं नाही ते रद्दीत काढायचं, असा ठराव झालेला. सचिव उमाशंकर अप्पा यादी घेऊन समोर बसला होता.

“ताई, तुमचंच नाव टाका की. नेलं म्हणा, वाचलं म्हणा. कोण इचारायलंय?”

“मी नेलं नाही, अप्पा.”

“मग गेले रद्दीत. सही करू?”

“पाचला करा. वाचनालय पाचपर्यंत उघडं असतं.”

सकाळी लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट न घेणारी ही बाई. आवाज असा की पलीकडच्या टेबलाला ऐकू जाऊ नये. पण ती एकदा बोलली की उमाशंकर वाद न घालता घड्याळाकडं बघत बसायचा. तसाच तो आताही बसला.

साडेतीनला एक म्हातारी आत आली. वाचक क्रमांक दोनशे बारा, गावोगाव आंबेडकरी जलसे करणारे नरसिंगराव, यांची बायको सरजाबाई. तिनं एक पुस्तक आणि त्यावर एक कार्ड ठेवलं.

“जय भीम, मॅडम. आमचे हे गेले. त्यांचं शेवटचं पुस्तक हाय. निम्मंच झालतं.”

“जय भीम, मावशी. बसा. पाणी घ्या.”

पाणी पिता पिता सरजाबाईची नजर टेबलावरच्या वरच्या पानावर गेली. डोक्याला फडकी बांधलेल्या बायांची रांग, मागं उंच धुराडं.

“ह्या कोणच्या जिनिंगच्या बाया?”

“अमेरिकेतल्या. कापडाच्या गिरणीतल्या. त्यांचं गाणं आहे हे.”

“काय म्हणून राहिल्या?”

शिवकांतानं ओळीखाली बोट धरलं आणि सावकाश मराठीत सांगू लागली. घंटा झाली, ऊठ गं सखे, अंगणात अजून चांदणं आहे. दहा बोटं माझी यंत्राला दिली, गळा तेवढा माझा मला.

सरजाबाईनं कापसाच्या जिनिंगमध्ये एकवीस वर्षं काढलेली. ती स्वतःच्या बोटांकडं बघत राहिली. मग हसली.

“घंटा नको म्हणू, माय. घंटा शाळंत असती. भोंगा म्हण.”

“बरं, भोंगा.”

“आन् म्हणायचं कसं हे?”

पानावर सुरांची खूण कुठंच नव्हती. मथळ्याखाली बारीक अक्षरात एक ओळ होती, तेवढी शिवकांतानं वाचली. अमुक गाण्याच्या चालीवर म्हणावे.

“ते अमुक गाणं हितं कुणाला येतंय?” उमाशंकर मधेच म्हणाला. “शब्द इंग्रजी, चाल मेलेली. म्हणून तर रद्दी म्हणायलोय, ताई.”

सरजाबाई त्याच्याकडं वळली. “सायब, आमच्या ह्यांच्या जलशाच्या चोपडीत बी गाण्याच्या डोक्यावर चाल लिहिलेली असायची. एखाद्या गावात पेटीवाल्याला ती यायची न्हाई. मंग काय जलसा गुंडाळून घरी यायचे व्हय? दुसरी लावायचे.”

तिची बोटं टेबलावर वाजू लागली. ऊठ गं सखे, भोंगा झाला. आवाज फाटका, पण ठेका पक्का. पेपर वाचणाऱ्या दोघांनी माना वर केल्या. उमाशंकरनं भिंतीवरच्या ‘शांतता राखा’ या पाटीकडं बघितलं आणि नजर पुन्हा यादीवर आणली.

दोन ओळींवर सरजाबाई थांबली. “म्होरं?”

“अजून नऊ कडवी आहेत.”

“मंग नेऊ का घरी?”

शिवकांतानं दोनशे बारा नंबरचं कार्ड पुढं ओढलं आणि त्यावर सरजाबाईचं नाव चढवलं. मग नोंदवही उघडली.

“ताई, मावशीला इंग्रजी येत न्हाई,” उमाशंकर म्हणाला. “ह्या काय वाचणार?”

“हे वाचायचं नाही, अप्पा. गायचं आहे.”

“बरं, एक कागद वाचला. राहिलेले चाळीस?”

“अण्णांनी सगळ्यांना मिळून एकच दाखल क्रमांक दिलाय, म्हणजे नोंदीला हे एकच पुस्तक. बघा.”

त्यानं बघितलं. “अण्णा लई पोचलेले होते,” म्हणाला, आणि यादीतली ती ओळ खोडली.

शिवकांतानं पानाचा मोबाइलवर फोटो काढून घेतला आणि पान पुठ्ठ्यात घालून सरजाबाईच्या हातात दिलं.

“पण शब्द मराठीत पायजेत,” सरजाबाई दारातून म्हणाली. “उद्या चारला विहारात जिनिंगच्या समद्या बाया बसत्यात. येशील?”

“येते.”

“मॅडम लोक नुसतं येते म्हणत्यात.”

“मी येते म्हटलं, मावशी.”

दुसऱ्या दिवशी सोमवार. वाचनालयाला सुट्टी, शिवकांताला उपास. पूजा आटोपून ती लिहायला बसली. घंटा आली तिथं भोंगा केला. एका कडव्याशी बराच वेळ अडली, मग तेही उतरलं. साडेतीनला कागदाची घडी पिशवीत घातली, उन्हासाठी पदर डोक्यावर घेतला आणि विहाराच्या रस्त्याला लागली.

कागदाच्या डोक्यावर तिनं ‘चाल’ एवढंच लिहिलं होतं. पुढची जागा कोरी सोडली होती.